सात कोंबड्यांचे घर

(गावाकडे अनेक घरांच्या परसात कोंबड्या असतात. त्यांच्यासाठी खुराडे बांधणे वरवर पाहता सोपे वाटते. प्रस्तुत पाठात एका मुलीने आपल्या आजीच्या कोंबड्यांसाठी दोनदा खुराडे बांधले, त्याची हकिकत सांगितली आहे. पहिले खुराडे का फसले आणि दुसरे कसे उभे राहिले, ते वाचा.)

माझ्या मामांचे गाव अवसरी खुर्द. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की साधारण साठ किलोमीटरवर मंचर लागते. मंचरजवळच, आंबेगाव तालुक्यात हे गाव आहे. शेजारी दुसरे अवसरी आहे. त्याचे नाव अवसरी बुद्रुक. लहानपणी मला 'खुर्द' आणि 'बुद्रुक' या शब्दांचा अर्थ कळत नसे. तो मला मामांच्या शेजारी राहणाऱ्या चाचांनी सांगितला. "खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे मोठा. बुजुर्गचेच मराठीत बुद्रुक झाले," ते म्हणाले. तुम्हांला उर्दू येते, म्हणून हा अर्थ तुम्ही केव्हाच ओळखला असेल.

चाचा सुतारकाम करतात. या गोष्टीत त्यांचे काम मोठे आहे. पण ते थोडे उशिरा येतात. आधी येते माझी चूक.

मामांच्या घरामागे ऐसपैस परस आहे. परसात शेवग्याचे एक झाड, धुण्याचा दगड, गोठा आणि उकिरडा. परसाच्या कडेला बांध आणि बांधापलीकडे ऊस. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, कालवे निघाले आणि तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले. उसामुळे पैसा आला, तसे पाहुणेही आले. हे पाहुणे चार पायांचे असतात आणि बहुधा रात्री येतात.

आजीच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा याच परसात दिवसभर हिंडत. उकिरडा उकरून किडे खात, गोठ्यात सांडलेले दाणे टिपत. दिवस मावळला, की त्या आपणहून ओटीवर येत. आजी त्यांना दोन मोठ्या डालग्यांखाली झाकून ठेवी आणि प्रत्येक डालग्यावर एक जड दगड ठेवी. डालगे म्हणजे बांबूच्या कांबींची विणलेली मोठी टोपली. रात्रभर ओटीवर घाण होई. पहाटे चार वाजता कोंबडा डालग्यातूनच आरवे आणि सगळे घर जागे होई. तरी आजी ती जागा बदलत नसे.

अंड्यांचे पैसे आजीचे असत. ते ती तांदळाच्या डब्यात ठेवी. मामांनी त्या पैशांबद्दल कधी विचारले नाही आणि आजीनेही आपल्या खर्चासाठी मामांपुढे कधी हात पसरला नाही. चष्म्याची फुटलेली काच तिने त्याच पैशांतून बदलली. दर जूनमध्ये माझ्या वह्या त्याच डब्यातून येत.

मी आठवीची परीक्षा देऊन सुट्टीत अवसरीला गेले होते. एक दिवस मी म्हणाले, "आजी, मी तुझ्या कोंबड्यांना घर बांधून देते."

आजी काही बोलली नाही. मामी मात्र लगेच 'बांध, बांध' म्हणाली. ओटी रोज तिलाच धुवावी लागे!

माझा मामेभाऊ गावातल्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याला मी दादा म्हणते. तेव्हा त्याची परीक्षा चालू होती. पुस्तकातून मान वर न करता तो म्हणाला, "आठ दिवस थांब. आधी आराखडा काढू, मग काम करू." पण मला धीर नव्हता. घर बांधायला आराखडा लागतो, हे मला मान्य होते. खुराड्याला कशाला लागतो, असे मला वाटले.

मी बांधाजवळ, शेवग्याच्या सावलीत जागा निवडली. बांबूचे चार खांब जमिनीत रोवले. खाली अर्ध्यापर्यंत जुन्या फळ्या ठोकल्या. वर षट्कोनी भोकांची पातळ तारेची जाळी लावली. ही जाळी बाजारात स्वस्त मिळते आणि ती कात्रीनेही कापता येते. आत बसून, हाताला येईल तिथे मी ती चुकांनी ठोकली. वर दोन पत्रे टाकले. दाराला कडी म्हणून तारेचा आकडा लावला. दोन दिवसांत खुराडे तयार! तिसरा दिवस मी रंगकामात घालवला. निळा रंग दिला. दारावर पांढऱ्या रंगात फुले काढली. शेजारच्या बायका पाहायला आल्या. मला फार अभिमान वाटला.

चार रात्री काही झाले नाही.

पाचव्या रात्री कुत्री भुंकत होती. पण कुत्री रोजच भुंकतात. सकाळी मी परसात गेले, तेव्हा जाळीचा खालचा कोपरा लोंबत होता. आत तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. चौथीची फक्त पिसे होती. बाकीच्या शेवग्यावर बसल्या होत्या आणि खाली उतरायला तयार नव्हत्या.

आजी आली. तिने पाहिले. मला वाटले, ती रागावेल. ती रागावली नाही. ती घरात गेली, डालगे घेऊन आली आणि शेवग्याखाली उभी राहून तिने उरलेल्या कोंबड्यांना 'आ-आ-आ' अशी हाक मारली. एकेक कोंबडी खाली आली. सात. आजीने पुन्हा मोजल्या. तरी सातच. तिने त्या डालग्याखाली झाकल्या आणि दगड वर ठेवला. त्या दिवशी ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. मला मात्र जेवण गेले नाही.

"मुंगसाचे काम," मामा म्हणाले. गावात कोंबडी मेली, की पहिले नाव मुंगसाचे येते.

तेवढ्यात चाचा आले. त्यांनी आधी जाळी पाहिली, मग जमीन पाहिली. "मुंगूस नव्हे," ते म्हणाले. "मुंगूस दिवसा फिरते. रात्री ते बिळात झोपते. शिवाय हा पंजा बघा. चार बोटे, गोल ठसा आणि नखांची खूण नाही. मांजराच्या जातीचे प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. मुंगसाची नखे मातीत उमटतात. हे रानमांजर आहे. उसात राहते."

मग त्यांनी लोंबणारी जाळी हातात घेतली आणि मला जवळ बोलावले. "बेटा, ही तू आतून ठोकलीस?"

मी मान हलवली.

"चोर कुठून येणार? बाहेरून. तो बाहेरून ढकलणार. आतून ठोकलेली जाळी ढकलली, की चुका उपटून येतात. तीच जाळी चौकटीच्या बाहेरून ठोकली असती, तर ढकलल्यावर ती चौकटीवरच दाबली गेली असती." एवढे बोलून ते थांबले. नंतर हळूच म्हणाले, "रंग मात्र छान दिलास."

त्या वाक्याने मला रडूच आले.

दादाची परीक्षा संपली. चाचा, दादा आणि मी ओटीवर बसलो. दादाने चौकटीचा कागद पसरला आणि तो लांबी-रुंदी लिहू लागला. चाचांनी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. "आधी शत्रू लिही," ते म्हणाले.

मग आम्ही शत्रू लिहिले. दिवसा मुंगूस, घार आणि गावातली मोकाट कुत्री. रात्री रानमांजर, उदमांजर, घूस आणि साप. घूस जमिनीखालून येते. सापाला अंडी आणि पिले हवी असतात. त्याला बोटभर फट पुरते. मांजर चढते, उडी मारते आणि पंजा आत घालून ओढते. प्रत्येक शत्रूपुढे त्याचा रस्ता लिहिला. कागद भरला, तेव्हा खुराड्याचा अर्धा आराखडा आपोआप तयार झाला होता. जमिनीखाली पाया हवा. भोके अर्ध्या इंचापेक्षा मोठी नकोत. झाडाची फांदी छपरावर यायला नको. दाराची कडी पंजाने उघडायला नको.

शेवटी मामांनी एक नाव घातले. बिबट्या.

जुन्नर आणि आंबेगाव या भागात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. उंच उसात त्याला लपायला जागा मिळते. मादी उसातच पिले घालते. तोडणीच्या वेळी मजुरांना ती सापडतात, तेव्हा वनखात्याचे लोक रात्री ती पिले तिथेच ठेवून त्यांची आईशी भेट घडवून आणतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. कुत्री, शेळ्या आणि कोंबड्या हे बिबट्याला गावाकडे ओढणारे खाद्य. म्हणजे खुराडे कच्चे असेल, तर धोका कोंबड्यांनाच नसतो, घरातल्या माणसांनाही असतो, हे मला त्या दिवशी कळले.

"म्हणून बांधाजवळची जागा बंद," मामा म्हणाले. वास येईल म्हणून दादाला खुराडे घरापासून लांब हवे होते. बराच वाद झाला. अखेर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, घरापासून बारा फुटांवर जागा ठरली. तिथे रात्री दिव्याचा उजेड पडतो आणि जरा खुट्ट झाले तरी ऐकू येते.

आता दादाची पट्टी बाहेर आली. सात कोंबड्या आणि एक कोंबडा, एकूण आठ. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड चौरस फूट जागा पुरते. आठ गुणिले दीड म्हणजे बारा चौरस फूट. आम्ही पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे पंधरा चौरस फूट धरली. कोंबड्या जमिनीवर झोपत नाहीत. त्यांना बसायला दांडी लागते. एका कोंबडीला दांडीवर आठ इंच जागा हवी. आठ पक्ष्यांना चौसष्ट इंच. खुराड्याच्या लांबीएवढी एक दांडी लावली, तर ती साठ इंचांची होते. चार इंच कमी पडतात. म्हणून रुंदीला तीन-तीन फुटांच्या दोन दांड्या लावायचे ठरले. बहात्तर इंच झाले. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या. एक उंच आणि एक खाली ठेवली असती, तर उंच दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणे झाली असती.

गणिताच्या तासाला मी कधी इतके लक्ष दिले नव्हते.

दिशेचाही विचार झाला. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे दुपारचे कलते ऊन आत कमी येते. पश्चिमेची भिंत पूर्ण विटांची केली. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक त्याच बाजूने होतो. दांड्या त्या भिंतीजवळ. दार पूर्वेला. उत्तर आणि दक्षिण या बाजूंना खाली दोन फूट विटा आणि वर जाळी. मामांना वाटले, थंडीवाऱ्यासाठी सगळेच बंद करावे. चाचांनी मानले नाही. कोंबडीच्या विष्ठेतून अमोनिया नावाचा उग्र वायू निघतो. हवा खेळती नसेल, तर तो आत कोंडतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, त्यांना श्वासाचे रोग होतात. थंडीपेक्षा कोंडलेली हवा वाईट. पावसाळ्यात दक्षिणेच्या जाळीवर पोते सोडायचे, एवढी तडजोड झाली.

आता काम सुरू झाले. गवंड्याच्या हाताखाली मामांनी आणि दादाने एक फूट खोल चर खणला. त्यात दगड आणि सिमेंट भरून पाया घेतला. आत विटांची जमीन करून ती घोटून घेतली. घुशीचा रस्ता बंद झाला. मग चाचांनी बाभळीच्या लाकडाची चौकट करायला घेतली. मी त्यांना हत्यारे देण्याचे काम करीत होते. "रंधा दे," "गुण्या दे," असे ते म्हणत. रंध्याने लाकूड गुळगुळीत होते आणि गुण्याने काटकोन तपासतात. हे दोन्ही शब्द मराठीत फारसीतून आले आहेत. उर्दूत त्यांना रंदा आणि गुनिया म्हणतात. सुताराच्या पेटीत मराठी आणि उर्दू किती जवळ राहतात, ते पाहा! चाचा कोंबडीला मात्र मुर्गीच म्हणत. 'मुर्ग' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'पक्षी' असा आहे, हेही त्यांनीच सांगितले.

जाळी घ्यायला आम्ही मंचरला गेलो. या वेळी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जोडकाम केलेली जाड तारेची जाळी घेतली. तिची किंमत ऐकून मामा दुकानाच्या पायरीवरच थांबले. "एवढ्यात दहा कोंबड्या येतील," ते म्हणाले.

"येतील," चाचा म्हणाले, "आणि जातीलही."

जाळी घेतली. ती चौकटीच्या बाहेरून लावली. तिच्या कडांवर लाकडी पट्ट्या ठेवून, दर चार इंचांवर एक याप्रमाणे सगळे खिळे मी ठोकले. चाचांनी एकही खिळा मारला नाही. ते फक्त मागे उभे राहिले. माझ्या अंगठ्याचे नख काळेनिळे झाले.

छप्पर पत्र्याचे, दक्षिणेकडे उताराचे केले आणि ते भिंतीच्या दीड फूट पुढे काढले. पत्रा उन्हाने तापतो, म्हणून त्यावर उसाचे पाचट अंथरून बांधले. दाराला कडी-कोयंडा लावला आणि कोयंड्यात अडकवायला एक खिट्टी केली. खाली तीन इंच भाताचे तूस पसरले. तूस ओल शोषून घेते. ते आठवड्यातून दोनदा खाली-वर करायचे, पावसाळ्यात त्यात थोडा चुना मिसळायचा आणि जुने झाले की शेतात टाकायचे. त्याचे उत्तम खत होते.

खुराडे तयार झाले. रंग द्यायचा राहिला. मला आता त्याची घाई नव्हती.

आजीने खुराड्याला एक फेरी मारली. जाळी बोटाने दाबून पाहिली. त्या संध्याकाळी तिने फक्त कोंबडा आणि दोन कोंबड्या आत सोडल्या. बाकीच्या पाच ओटीवर डालग्याखालीच राहिल्या. तिला कोणी काही म्हटले नाही.

दोन दिवसांनी एक नवी अडचण दिसली. अंडी घालण्यासाठी दादाने उत्तरेच्या बाजूला एक-एक फुटाची दोन खोकी बसवली होती. चार कोंबड्यांना एक खोके पुरते. ते अंधारे असले, की कोंबडी तिथे निश्चिंत बसते. बाहेरून झाकण उघडून अंडी काढता येतील, अशीही त्याने सोय केली होती. पण कोंबड्या दांडीवर झोपायच्या सोडून या खोक्यांतच झोपू लागल्या. खोकी घाण झाली. अंडी मळू लागली. दादाने आराखडा पुन्हा पुन्हा तपासला. मापे बरोबर होती.

आजी ओटीवरून म्हणाली, "खोकी दांडीच्या वर आहेत. कोंबडी उंचावर झोपते. तुझ्या कागदाला एवढे ठाऊक नाही?"

खरेच, दांड्या जमिनीपासून दोन फुटांवर होत्या आणि खोकी अडीच फुटांवर. चाचांनी जाळीची ती जागा बंद केली, भिंतीतल्या चार विटा काढल्या आणि खोकी एक फुटावर आणून बसवली. त्याच रात्री तिन्ही पक्षी दांडीवर गेले.

कोंबडीला उंच जागा का हवी असते? तिचे पूर्वज रानकोंबडे. रात्री ते झाडावर झोपत, कारण जमिनीवर शत्रू असत. तांबडा रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज मानला जातो. आपल्या सह्याद्रीत, भीमाशंकरच्या जंगलातही, करडा रानकोंबडा राहतो. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा गुण या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. आजीच्या सात कोंबड्यांपैकी चार कोंबड्यांचे पाय पिवळे होते. हे मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग त्या आमच्या डोंगराच्याच की!"

हळूहळू आणखी तीन कोंबड्या खुराड्यात गेल्या. दोन म्हाताऱ्या कोंबड्या मात्र आजीने ओटीवरच ठेवल्या.

जूनच्या सुरुवातीला, पहिला पाऊस झाला त्या रात्री, दोनच्या सुमारास कुत्रे भुंकले नाही, केकाटले. केकाटत ते ओटीवर धावत आले. मामांनी परसातला दिवा लावला आणि खिडकीतूनच पितळी ताट वाजवले. दादाने मोबाइलवर गाणी मोठ्याने लावली. कोणी बाहेर गेले नाही. खुराड्यातून कोंबड्यांचा एकच कल्लोळ ऐकू येत होता. मग तो थांबला. तो थांबला, तेव्हा मला जास्त भीती वाटली. मी उजाडेपर्यंत जागी होते.

उजाडल्यावर आम्ही सगळे मिळून बाहेर पडलो. ओल्या मातीत ठसे होते. गोल, नखे न उमटलेले, माझ्या तळहाताएवढे. ते उसातून आले होते, खुराड्याभोवती दोनदा फिरले होते आणि दारापाशी थांबले होते. दाराच्या बाभळीच्या फळीवर चार ओरखडे होते. उत्तरेची जाळी एका जागी आत दबली होती. पण एकही खिळा निघाला नव्हता.

मी खिट्टी काढली. कोंबडा आधी बाहेर आला, जणू काही झालेच नाही. त्याच्यामागून पाच कोंबड्या आल्या.

वनखात्याचे कर्मचारी येऊन ठसे पाहून गेले. अंधार पडल्यावर मुलांनी एकटे परसात जायचे नाही, कुत्रे बाहेर बांधायचे नाही, दिवा चालू ठेवायचा, असे त्यांनी सांगितले. मामांनी खुराड्याचे कौतुक करणाऱ्या शेजाऱ्यांना थांबवले. "बिबट्याने मनावर घेतले असते, तर हे दारही टिकले नसते," ते म्हणाले. "दिवा, ताट आणि जाळी, तिघांनी मिळून वाचवले." ते खरे होते. त्याच दिवशी चाचांनी दाराला आतून लोखंडी पट्ट्या मारल्या.

त्या संध्याकाळी ओटीवर डालगे दिसले नाही. मी शोधले, तर ते भिंतीला टेकवून ठेवलेले होते. दोन्ही म्हाताऱ्या कोंबड्या खुराड्यात, दांडीच्या कडेला बसल्या होत्या. आजी आत भाकरी थापत होती. मी तिला काही विचारले नाही.

शाळा सुरू झाली आणि मी घरी परतले. पुढे दर रविवारी मी अवसरीला जात असे. जुलैमध्ये तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणे थांबवून ती दिवसभर खोक्यातच बसू लागली, जवळ गेले की पिसे फुलवून टोचू लागली. आजीने तिच्याखाली बारा अंडी ठेवली. सातव्या रात्री दादाने अंधारात एकेक अंडे विजेरीपुढे धरले. ज्यात जीव धरला होता, त्यात लाल शिरांचे बारीक जाळे दिसले. दोन अंडी नुसतीच उजळ दिसली. ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर आली. नऊ पिले. दहाव्या अंड्याला चोच टोचल्याची खूण होती, पण पिलू बाहेर येऊ शकले नाही.

सातव्या दिवशी मामा पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस घेऊन आले. प्रत्येक पिलाच्या डोळ्यात एकेक थेंब घातला. मानमोडी या रोगावरची ही लस. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात. राणीखेत हे उत्तराखंडातले थंड हवेचे ठिकाण. तिथे हा रोग आढळला, म्हणून आपल्याकडे हे नाव पडले. इंग्लंडमध्ये तो न्यूकॅसलजवळ आढळला, म्हणून तिकडे त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. रानमांजर चार कोंबड्या नेते. हा रोग आला, तर गावातल्या सगळ्या कोंबड्या नेतो. जाळी त्याला अडवू शकत नाही.

मी पुढच्या रविवारी गेले, तेव्हा पिले परसात डालग्याखाली होती. आकाशात घार फिरत होती आणि त्यांची आई डालग्याभोवती फेऱ्या मारीत होती. आजी शेजारी पाट टाकून गहू निवडत बसली होती. तांदळाच्या डब्यातून तिने पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "चाचांना दे," ती म्हणाली. "लाकडाचे."

चाचांनी पैसे घेतले नाहीत. ते आणि दादा ओट्यावर बसून जुन्या आराखड्याच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होते. मी वाकून पाहिले. सात अधिक एक अधिक नऊ, गुणिले दीड.

"साडेपंचवीस चौरस फूट," मी म्हणाले.

"आणि आहेत पंधरा," चाचा म्हणाले. "जा, रंधा घेऊन ये."

शब्दार्थ

परस – घरामागील मोकळी जागा. ओटी – घराचा पुढचा, बसण्याउठण्याचा भाग. उकिरडा – शेण व केरकचरा टाकण्याची जागा. बांध – शेताची उंच कड. चुका – लहान खिळे. आराखडा – बांधण्याआधी कागदावर काढलेली आकृती, नकाशा. खिट्टी – कडी अडकवण्याची लाकडी खुंटी. पाचट – उसाची वाळलेली पाने. तूस – भाताच्या दाण्यावरचे टरफल. खुडूक – अंडी उबवायला बसणारी (कोंबडी). हात पसरणे – मागणे, याचना करणे. मनावर घेणे – एखादी गोष्ट करायचीच असे ठरवणे.

स्वाध्याय

१. मुंगसाने कोंबड्या मारल्या नाहीत, हे चाचांनी कशावरून ओळखले?
२. खुराड्याची जागा बांधाजवळून घराजवळ का आणली?
३. आजीने सगळ्या कोंबड्या एकदम नव्या खुराड्यात का सोडल्या नसतील? तुमच्या शब्दांत लिहा.
४. बारा कोंबड्यांसाठी रात्रीपुरती किती चौरस फूट जागा लागेल? दांडी किती इंच लांब हवी?
५. 'हात पसरणे' आणि 'मनावर घेणे' या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
६. 'दरवाजा', 'रंधा' यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.
७. तुमच्या घराजवळ कोणी कोंबड्या पाळत असल्यास त्यांचे खुराडे पाहा आणि त्याची आकृती मापांसह काढा.